फ्लोरिडात थंडी नसते म्हणे!



परवा अक्कांचा फोन आला. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, कोल्हापूरला असतात. जानेवारीत लेकीकडे अमेरिकेला निघाल्यात, आणि तिथून सगळे मिळून ऑर्लँडोला, नातवंडांबरोबर डिस्ने वर्ल्ड बघायला. "अगं, लेक म्हणते तिकडं थंडी नसते, स्वेटर-बिटर काही आणू नकोस. तू जाऊन आलीयस, तू सांग. आणू का नको?"

मी म्हटलं, "अक्का, आणा. आणि लेकीला सांगू नका, मला विचारलं म्हणून."

हसण्यावारी नेलं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुचेना. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या घरात निघाला होता, आणि तेव्हा उत्तर माहीत असून मी गप्प बसले होते. म्हणून आज स्वयंपाकघर आणि देवघर सोडून बॅग भरण्यावर लिहिते आहे.

आमचा मुलगा न्यू जर्सीत. नाताळच्या सुट्टीत त्यानं ऑर्लँडोचा बेत आखला. आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई, दहा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. मी सांगलीहून निघतानाच सहा जणांचे थर्मल, कानटोप्या, मफलर घेतले होते. निघायच्या आदल्या रात्री सूनबाईनं माझी बॅग उचलून पाहिली आणि म्हणाली, "आई, अहो आपण फ्लोरिडाला चाललोय, काश्मीरला नाही." सगळे हसले. हेसुद्धा हसले.

आता यात सूनबाईची चूक नव्हती. माझा इतिहासच तसा आहे. महाबळेश्वरला दोन रात्रींसाठी मी पाच बॅगा आणि एक प्रेशर कुकर नेला होता, हे आमच्या घरात अजून सांगितलं जातं. दर वेळी "असू दे, लागलं तर" म्हणून भरायचं आणि तसंच घडी न मोडता परत आणायचं. अशा बाईनं एखाद्या दिवशी खरंच कामाचं काही भरलं तर कोण विश्वास ठेवणार? मी एकही शब्द न बोलता थर्मल काढले आणि कपाटात ठेवले. घरातली जड जॅकेटं नेवार्कच्या विमानतळावर पार्किंगमध्ये गाडीतच राहिली. तिथं बाहेर बर्फ पडायच्या बेतात होतं आणि आम्ही सहा जण पातळ कपड्यांत कुडकुडत टर्मिनलकडे पळत होतो. मुलगा म्हणत होता, "तीन तासांनी उन्हात असू."

आणि होतोच की. पहिले दोन दिवस 26 अंश. अर्ध्या बाह्यांचे शर्ट, डोक्यावर टोप्या, हातात आइस्क्रीम. मला मनातून स्वतःचीच लाज वाटली, म्हटलं बरं झालं थर्मल काढले ते.

दुसऱ्या रात्री पाऊस आला. हवा दमट, उबदार. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा सारला तर निळंशार आकाश आणि लख्ख ऊन. मुलगा म्हणाला, "बघ आई." दार उघडलं आणि वाऱ्याचा असा झोत आला की नातू उलटा पळत पांघरुणात शिरला. फोनवर 39 आकडा. फॅरनहाइट. म्हणजे आपले जेमतेम 4 अंश.

मैत्रिणींनो, इथं थोडं थांबून भूगोल सांगते, कारण मला तो नंतर कळला आणि आधी कळला असता तर मी त्या रात्री गप्प बसले नसते. ऑर्लँडो आणि आपली दिल्ली जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. ऑर्लँडो साडेअठ्ठावीस अंश उत्तर, दिल्ली त्याहून किंचित वर. जानेवारीत दिल्लीला लग्नाला निघालो तर आपण शाल, स्वेटर न घेता जाऊ का? मग त्याच रेषेवरच्या गावाला जाताना "थंडी नसते" कसं म्हणतो? समुद्र जवळ असल्यामुळे तिथं दिल्लीपेक्षा उबदार असतं हे खरं. जानेवारीत सरासरी दुपारी 22 आणि पहाटे 10 अंश. पण आपल्याकडे उत्तरेचे गार वारे अडवायला हिमालय आडवा उभा आहे. अमेरिकेत कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत असा एकही आडवा डोंगर नाही. तिकडची बर्फाळ हवा एकदा सुटली की दोन-तीन दिवसांत थेट फ्लोरिडात. आधी दमट उबदार वारा, मग पाऊस, मग वारा वायव्येकडून फिरतो, आकाश स्वच्छ होतं आणि पारा धाडकन खाली. दोन-तीन दिवसांनी पुन्हा उन्हाळा. म्हणून ते सुंदर निळं आकाश बघून फसायचं नाही. पाऊस पडून गेल्यावर सकाळी लख्ख ऊन दिसलं की कानटोपी शोधायची!

सरासरी हा शब्दही फसवा आहे. मी कॉमर्सची, सरासरीशी माझी जुनी ओळख. एक दिवस 28 आणि एक दिवस 4 असला तरी सरासरी 16 येते, आणि त्या 16 अंशांत कोणीच फिरत नसतं.

त्या भागातल्या शेतकऱ्यांना विचारावं थंडी असते की नसते. ऑर्लँडोच्या आसपास एके काळी मैलोन् मैल संत्र्यांच्या बागा होत्या. 1894-95 च्या हिवाळ्यात त्या एकदा गोठून गेल्या. पुन्हा लावल्या. मग 1983, 1985 आणि 1989 या तीन कडाक्यांत इतकं नुकसान झालं की अनेक बागायतदारांनी नाद सोडला, संत्र्यांची शेती दक्षिणेकडे सरकली आणि त्या जागी घरं उभी राहिली. स्ट्रॉबेरीवाले अजून पहाटे थंडी पडली की पिकावर पाण्याचे फवारे सोडतात. ऐकायला उलटं वाटतं, पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या त्या आवरणाखाली रोप शून्याच्या फार खाली जात नाही. आपल्या निफाडला थंडी वाढली की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात ना, तसंच हे.

असो. तो तिसरा दिवस.

तिकिटं आगाऊ काढलेली, त्यामुळे खोलीत बसायचा प्रश्न नव्हता. सूनबाईनं हौसेनं सगळ्यांसाठी एकसारखे, नावं छापलेले टी-शर्ट करून आणले होते, त्याच दिवशी फोटो काढायचे होते. टी-शर्टवर टी-शर्ट असे दोन-दोन घालून निघालो. सकाळी उघड्या गाडीतून प्राणी बघायची फेरी होती. प्राणी किती दिसले मला आठवत नाही, गाडीचा वारा आठवतो. दुपारी जरा बरं वाटलं तशी मुलं पाण्याच्या राइडवर बसली आणि चिंब भिजून आली. उन्हात उभी केली तरी नातवाचे ओठ निळे. मग धावत एका दुकानात शिरलो आणि पाच स्वेटशर्ट घेतले. 325 डॉलर. त्या वेळच्या भावानं 27 हजार रुपयांच्या आसपास. ह्यांनी घेतला नाही. "मला नको, मी साखर कारखान्याच्या रात्रपाळीत पहाटेचं धुकं काढलंय," म्हणाले. सत्तर वर्षांच्या माणसाला दुकानात उभं राहून कसं समजवायचं?

संध्याकाळी आतषबाजी. चांगली जागा मिळावी म्हणून तास-दीड तास आधी जाऊन जमिनीवर बसायचं. डिसेंबरात तिथं साडेपाचला सूर्य मावळतो. आम्ही दोघं सूर्यास्तानंतर काही घेत नाही, त्यामुळे पाचलाच बरोबरची दशमी-चटणी खाऊन मोकळे झालो होतो. आजूबाजूचे लोक गरम कॉफी, चॉकलेट पीत हात शेकत होते. ज्यांचा नियम आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. आपल्याला रात्री आतून गरम करायला काही नसतं, जे काही आहे ते अंगावरचंच. म्हणून इतरांपेक्षा आपल्याला एक थर जास्तच लागतो.

ह्यांना दम्याचा त्रास आहे. गार, कोरडा वारा छातीत गेला की सुरू होतो. आतषबाजी अर्ध्यावर आली तेव्हा मला आवाज ऐकू आला, तो शिट्टीसारखा. मी पर्समध्ये हात घातला. पंप नव्हता. हॉटेलवर मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीखाली. सकाळी पर्स हलकी करताना मीच काढून ठेवला होता. ही चूक माझी, इतर कुणाची नाही. मुलगा त्यांना धरून गर्दीतून बाहेर निघाला, टॅक्सी मिळेपर्यंत आणि खोलीवर पोहोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. मी त्यांचा हात धरून णमोकार म्हणत होते आणि मधेच डोळ्यांसमोर न्यू जर्सीच्या कपाटातला तो थर्मलचा गठ्ठा येत होता. पंप घेतल्यावर हळूहळू श्वास बसला. रात्रभर उशांना टेकून बसून होते. सकाळी मुलगा येऊन नुसता त्यांच्या पायाशी बसला. कोणी कोणाला काही बोललं नाही.

आता माझं मत. हिशेबात आम्हाला एक तत्त्व शिकवलं होतं, होणारा नफा आधी जमेला धरायचा नाही, पण होऊ शकणाऱ्या तोट्याची तरतूद करायची. बॅगही तशीच भरावी. ऊन पडेल हा नफा, पडला तर छानच. थंडी ही संभाव्य तोट्याची बाजू, तिची तरतूद हवी. पण तरतूद म्हणजे पाच बॅगा आणि प्रेशर कुकर नव्हे. गरजेपेक्षा जास्त तरतूद करून ठेवणं हेही खोटंच खातं, आणि आपल्या धर्मात त्याला परिग्रह म्हणतात. माझं महाबळेश्वर हा परिग्रह होता. पण मुलाचं "लागलं तर तिथंच घेऊ" हेसुद्धा मला संयम वाटत नाही. त्यातून पाच स्वेटशर्ट जास्तीचे घरात आले, जे न्यू जर्सीत जॅकेटांनी भरलेल्या कपाटात कोणी घालत नाही.

मुलाची बाजूही सांगते, कारण दोन गोष्टींत तो बरोबर होता. जड जॅकेट तिथं खरंच निरुपयोगी. दुपारी 20-22 अंश झाले की ते काढून हातात वागवावं लागतं, आणि तास-तास रांगेत उभं असताना त्याचा वैताग होतो. आणि मुलं जाड कपडे घालत नाहीत, घातले तर काढून कुठंतरी विसरतात. म्हणून जाड एक कपडा न घेता पातळ तीन घ्यावेत. अंगालगत थर्मल किंवा पूर्ण बाह्यांचा पातळ बनियन, त्यावर फ्लीसचा स्वेटर, आणि सर्वांत वर टोपीचा विंडचीटर. हा विंडचीटर सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथं थंडीपेक्षा वारा छळतो, आणि तोच पावसातही चालतो. घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे सगळं वजन केलं. कानटोपी, मफलर आणि हातमोज्यांसकट माणशी एक किलो. सहा जणांचं सहा किलो. सहा किलो वाचवायला आम्ही 27 हजार दिले.

एकसारख्या टी-शर्टचा सोस असेल तर दोन मापं मोठे शिवा किंवा मागवा. मग ते थर्मल-स्वेटरच्या वरून घालता येतात आणि फोटोत नावं पण दिसतात. हा उपाय सूनबाईनंच नंतर काढला, श्रेय तिचं.

पाठीवरची पिशवी घरून निघताना अर्धी रिकामी हवी. लोक ती सकाळीच गच्च भरतात आणि अकरा वाजता काढलेले स्वेटर कमरेला बांधून फिरतात. मुलांच्या पायमोज्यांचा आणि पँटचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, ओल्या सुती कपड्यात वारा लागला की हुडहुडी भरलीच म्हणून समजा. बूटही दोन जोड, कारण भिजलेले बूट रात्रीत वाळत नाहीत. पोहायचे कपडे मात्र थंडीतही घ्या, हॉटेलांचे तलाव बहुतेक तापवलेले असतात. मोठी पाण्याची उद्यानं खूप गारठा असेल त्या दिवशी बंद ठेवतात, तेव्हा तिथला दिवस बेताच्या शेवटी ठेवू नका, हुकला तर बदलायला जागा राहत नाही. साडी नेसणाऱ्यांनी परकराखाली थर्मल घालावं, कोणाला दिसत नाही. मी आता तेच करते.

फोनवर हवामान बघताना वरचा आकडा बघू नका. सकाळी सातचा, रात्री आठचा आणि वाऱ्याचा वेग बघा. फॅरनहाइटचं गणित सोपं आहे. आकड्यातून 30 वजा करा आणि निम्मं करा. 50 म्हणजे 10, 70 म्हणजे 20. अगदी काटेकोर येत नाही, पण स्वेटर घालू की नको ठरवायला पुरतं.

थंडीचे कपडे घेताना लेबल वाचा, ही सूचना खास आपल्यासाठी. तिकडच्या फुगीर, हलक्या जॅकेटांच्या आत पुष्कळदा बदकांची नाहीतर हंसांची पिसं असतात. लेबलवर 'डाउन' लिहिलेलं असलं की पिसं समजा. ह्यांच्यासाठी सूनबाईनं असंच एक प्रेमानं आणलं होतं, तिला कल्पना नव्हती. बदलून पॉलिस्टर भरलेलं आणलं. तेही तितकंच उबदार, आणि ओलं झालं तरी बसकं होत नाही. हातमोजेसुद्धा चामड्याचे नकोत, विणलेले घ्या.

खाण्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. इतकंच सांगते की डिस्नेच्या उद्यानांत घरचं कोरडं खाणं नेऊ देतात, काचेची बाटली तेवढी चालत नाही. भडंग आणि मेथीचे खाकरे सहा दिवस टिकले.

आणि औषधं अंगावरच्या पिशवीत. खोलीवरच्या बॅगेत नाही, मुलाच्या पाठीवरच्या पिशवीतही नाही. ज्याचं औषध त्याच्या खिशात. दम्याच्या माणसानं मफलर गळ्याला न गुंडाळता नाकावरून घ्यावा, हवा जरा ऊबदार होऊन आत जाते.

शेवटच्या दिवशी थंडी ओसरली आणि आम्ही केनेडी अंतराळ केंद्र बघायला गेलो, ऑर्लँडोहून तासाभराचा रस्ता. तिथं चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन यानांचे अवशेष जपून ठेवलेत. कोलंबियात आपली कल्पना चावला होती. चॅलेंजरचं उड्डाण 28 जानेवारी 1986 ला झालं, सकाळी 2 अंश तापमान, उड्डाणाच्या मनोऱ्यावर रात्रीचा बर्फ लटकलेला. रबराची कडी गारठ्यानं ताठ झाली, सांधा नीट बंद झाला नाही आणि सात जण गेले. थंडीत उडवू नका, असं काही इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. हे साखर कारखान्यात गॅस्केटवरच आयुष्य काढलेले, नातीला हातवारे करून समजावत होते. ती म्हणाली, "आजोबा, पण फ्लोरिडात थंडी नसते ना?" मुलानं माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे.

आमच्या थर्मलची आणि त्या सात जणांची बरोबरी करत नाही मी, तसं कोणी समजू नका. पण "आदल्या रात्री सांगितलं होतं" हे वाचताना मला वाटलं, त्यांनी सांगितलं तरी. मी तर सांगितलंही नाही. सुनेपुढे हसं होईल म्हणून बॅग रिकामी केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायका दोन प्रकारच्या असतात, सगळ्यात बोलणाऱ्या आणि कशातच न बोलणाऱ्या. मी पहिलीची दुसरी झाले होते. एक वाक्य पुरलं असतं, "ह्यांना दमा आहे, ह्यांचा थर्मल मी ठेवते." सूनबाई नाही म्हणाली नसती, हे मला आता माहीत आहे. तिनंच परत आल्यावर कपाट उघडून तो गठ्ठा बघितला आणि म्हणाली, "आई, मला ओरडायचं ना." दोघींनाही रडू आलं.

तर अक्का, तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे. लेकीला सरळ सांगा, एक किलो माझं आणि एक किलो ह्यांचं, बाकी तू म्हणशील तसं. आणि आमच्याकडे त्या पाचातला एक स्वेटशर्ट आहे, मोठ्या मापाचा, मुलानं आमच्या बॅगेत कोंबून पाठवला होता. एकदाही वापरलेला नाही. तुमच्या यजमानांना अगदी बसेल. छातीवर हा एवढा मोठा उंदीर आहे, तेवढं चालत असेल तर रविवारच्या गाडीनं पाठवते.